उंबराचें फूल

बहुत दिवसांनीं घरीं आलेल्या पाहुण्यास "तुम्ही तर अगदीं उंबराचें फूल झालांत!" असें म्हणून आंत घेण्याची आपल्या लोकांत रीत आहे. उंबरास फूल येतच नाहीं, अशी सामान्य समजूत. कोणी म्हणतात, येतें, पण मध्यरात्रीं येतें, व ज्याच्या दृष्टीस पडेल त्याचें दैव उघडतें. याच झाडावरून निघालेली दुसरी एक म्हण आहे. दुसऱ्याचें गुह्य उगाच उघडें करणारास "उंबर फोडून केंबरें कशाला उडवितोस?" असें वडील माणसें दटावितात. उंबराच्या पोटांत जें कांहीं आहे तें किडकें व लाजिरवाणें आहे, तें झांकलेलें राहण्यांतच शोभा आहे, असा या म्हणीचा भावार्थ. एकाच झाडाविषयीं आपल्या पूर्वजांनीं अशा दोन गोष्टी सांगून ठेविल्या आहेत: फूल शोधूं नका, तें नाहीं, आणि फळ फोडूं नका, त्यांत किडे आहेत.

माणसांच्या बाबतींत या म्हणी शहाणपणाच्या असतील. उंबराच्या बाबतींत मात्र, पूर्वजांविषयीं पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतों, त्या दोन्ही खऱ्या नव्हेत. त्या कशा, हें थोड्या विस्तारानें सांगण्याची वाचकांनीं आम्हांस परवानगी द्यावी. कारण विद्यार्थी व त्यांचे पालक जो एक प्रश्न वारंवार विचारितात, त्याचा या झाडाशीं जवळचा संबंध आहे असें आम्हांस वाटतें. तो प्रश्न असा: ईश्वराची करणी जर मनुष्यास कळत नाहीं, तर न कळणाऱ्या करणीवर भरंवसा ठेवावा तरी कसा?

आपण ज्यास उंबराचें फळ म्हणतों तें खरें पाहतां एक फळ नव्हे. ती फुलांनीं भरलेली व चोहोंकडून मिटलेली एक डबी आहे. खोडावर व जाड फांद्यांवर घोसांनीं लागलेलें कोंवळें हिरवें उंबर चाकूनें मधोमध चिरून पाहावें. आंतील पोकळीच्या भिंतीवर, आंतल्या बाजूस तोंडें करून, शेंकडों बारीक फुलें दाटीवाटीनें बसलेलीं दिसतात. पाकळ्यांचा थाट नाहीं, रंगाचा डौल नाहीं. देंठाच्या विरुद्ध टोंकास एक सूक्ष्म छिद्र असतें, व तेंही खवल्यांनीं घट्ट बंद केलेलें. वारा, फुलपाखरूं, मधमाशी यांपैकीं कोणाचाही तेथें रिघाव नाहीं. मग एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोंचावा कसा? त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, एकाच उंबरांतील मादीफुलें आधीं उमलतात, आणि नरफुलें त्यानंतर कित्येक दिवसांनीं. म्हणजे घरांतल्या घरांत काम भागावें, अशीही सोय नाहीं.

हें काम ज्या जीवाकडे सोंपविलेलें आहे, तो जीव म्हणजे म्हणींतलें तें केंबरूंच होय. त्याची मादी लांबीनें तिळाएवढीही नसते. उंबराचीं मादीफुलें उमललीं म्हणजे त्या झाडाचा एक गंध सुटतो. आपल्या नाकास त्याची दाद नसते. पण वाऱ्याबरोबर दुरून वाहत आलेल्या या मादीस तो कळतो, आणि नाना जातींच्या वृक्षांतून ती नेमका उंबर शोधून काढते. वडाचा कीटक निराळा, पिंपळाचा निराळा, उंबराचा निराळा. एकाचें काम दुसरा सहसा करीत नाहीं. त्या छिद्रावरील खवल्यांमधून अंग रेटीत रेटीत ती आंत शिरते. वाट इतकी अरुंद असते कीं तिचे पंख तेथेंच मोडून पडतात, व पुष्कळदां मिशांचीं टोंकेंही तुटतात. आंत गेली ती पुन्हां बाहेर येत नाहीं. तिच्या छातीच्या खालच्या बाजूस दोन इवलेसे खिसे असतात, व त्यांत तिनें दुसऱ्या झाडावरून पराग भरून आणिलेला असतो. तो पायांनीं काढून ती फुलांवर घालते, आणि त्याच वेळीं कांहीं फुलांच्या बीजकोशांत एक एक अंडें ठेविते. ज्या फुलांची नळी आंखूड, तेथें तिची अंडें घालण्याची सुई सहज पोंचते, व तेथें तिचें पिल्लूं वाढतें. ज्यांची नळी लांब, तीं फुलें बहुधा वांचतात, व तेथें झाडाचें बीं धरतें. झाडानें आपलीं थोडीं फुलें पाळण्यासाठीं दिलीं, आणि पाहुणीनें बाकीच्यांचें बीं धरविलें. एवढें झालें म्हणजे ती त्याच अंधाऱ्या खोलींत मरून जाते.

कांहीं आठवड्यांनीं तिचीं लेंकरें मोठीं होतात. नर आधीं बाहेर येतात. त्यांस पंख नसतात, आणि डोळेही नांवापुरतेच. ते अंधारांत आपल्या वधू शोधून काढितात, आणि मग उंबराच्या भिंतीस आंतून भोंक पाडितात. बरोबर याच सुमारास आंतील नरफुलें पिकलेलीं असतात. माद्या खिशांत पराग भरून घेतात, नरांनीं पाडलेल्या वाटेनें उजेडांत येतात, आणि एक-दोन दिवसांच्या आपल्या आयुष्यांत दुसरें झाड गांठण्याची खटपट करितात. वाट पाडणारे नर मात्र थोड्याच वेळांत मरून जातात. झाड कसें असतें, आकाश कसें असतें, हें त्यांस ठाऊकच नसतें. त्यानंतर उंबर तांबडें व गोड होतें. बुलबुल, हरियाल, धनेश येतात; रात्रीं वटवाघळें येतात; माकडें तर असतातच. त्यांच्या पोटांतून बीं लांब लांब जातें, आणि कोठें तरी ओढ्याच्या कांठीं किंवा जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत नवा उंबर उगवतो.

तेव्हां उंबरास फूल आहे, एक नव्हे, शेंकडों आहेत. आणि ज्या केंबरांस पाहून आपण उंबर नाकें मुरडून फेंकून देतों, त्यांच्यावांचून हें झाड निर्वंश होईल.

जें दिसत नाहीं तें नाहींच, असें म्हणण्याची चूक केवळ खेडवळ माणसें करितात असें कोणी समजूं नये. १८८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत तुर्कस्तानांतून स्मर्ना जातीच्या उत्कृष्ट अंजिरांचीं कलमें नेऊन लाविलीं होतीं. झाडें जोमानें वाढलीं, फळें धरलीं, आणि पिकण्यापूर्वींच गळून पडलीं. वर्षामागून वर्षें हाच प्रकार. तुर्कस्तानांतील शेतकरी आपल्या अंजिरांच्या झाडांवर रानअंजिराचीं फळें ओंवून टांगतात, ही हकीगत तेथें पोंचली होती. पण अडाणी लोकांची भाबडी चाल, म्हणून पुष्कळ बागाइतदारांनीं ती हंसण्यावारी नेली. त्या रानअंजिरांत राहणारा कीटक प्रयत्नपूर्वक आणून शेवटीं १८९९ सालीं फ्रेस्नो येथील बागेंत नांदविण्यांत आला, तेव्हां कोठें फळें पिकूं लागलीं. सुशिक्षित बागाइतदार सालीकडे पाहत बसले होते, आणि ज्या शेतकऱ्यास ते हंसले त्याला, कारण सांगतां येत नसलें तरी, काय करावें हें कळलें होतें.

पवित्र शास्त्रांत याच कुळांतील झाडाचा उल्लेख आहे. जक्कय ज्यावर चढून बसला तें झाड आपल्या मराठी शास्त्रांत उंबर म्हणून आलें आहे, आणि तें भाषांतर वावगें नव्हे. कारण त्या देशांतील तें झाड आपल्या उंबराचें जवळचें भाऊबंद आहे. संदेष्टा आमोस हा गुरांच्या राखणीबरोबर याच झाडांची निगा करीत असे. या झाडाचें मूळ घर आफ्रिकेंत. मिसर व पलेस्तीन येथें झाड आलें, पण त्याचा पराग वाहणारा कीटक मागेंच राहिला. म्हणून त्या देशांत या फळांत बीं धरत नाहीं. फांद्या लावूनच झाडें वाढवावीं लागतात. आणि फळ चांगलें पिकावें म्हणून तें झाडावर असतांनाच त्यास चाकूनें एक बारीक चीर द्यावी लागते. चीर दिल्यावर तें लवकर फुगतें व गोड होतें. आमोस करीत असे तो धंदा हाच असावा, असें कित्येक शास्त्राभ्यासकांचें मत आहे. आम्हांस ही गोष्ट फार मनोरंजक वाटते. जेथें केंबरूं पोंचलें नाहीं तेथें देवानें गुराख्याच्या हातीं चाकू दिला. ईश्वरी योजना म्हणजे मनुष्यानें स्वस्थ बसून पाहावयाचा तमाशा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं आमोसाचा हा चाकू लक्षांत ठेवावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, काय ही सुंदर व्यवस्था! आम्हांसही तसेंच वाटतें. पण अर्धेंच सांगून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच उंबराच्या बाहेरच्या सालीवर दुसऱ्या जातींचीं केंबरें येऊन बसतात. त्यांची सुई चांगलीच लांब असते. ती सालींतून आरपार घालून तीं आपलीं अंडीं आंत सोडितात, आणि परागाचें ओझें न वाहतां दुसऱ्याच्या कष्टावर, कित्येक तर दुसऱ्याच्या पिल्लांवरच, पोसतात. शिवाय दुसऱ्या झाडाकडे निघालेल्या माद्यांपैकीं किती वाऱ्यानें भरकटतात व किती पांखरांच्या चोंचींत सांपडतात, याची गणती नाहीं. सृष्टीच्या ग्रंथाचें प्रत्येक पान क्रमिक पुस्तकांत घालण्याजोगें नसतें. म्हणून उंबर दाखवून "पाहा, ईश्वर सिद्ध झाला!" असें आम्ही म्हणत नाहीं. शंकेखोर गृहस्थ त्याच उंबरांतील चोर काढून दाखवितील, आणि मग आपणांस घाम फुटेल.

या व्यवस्थेस किती काळ लागला, याविषयींही वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटांत सांपडलेले अशा कीटकांचे अश्मीभूत अवशेष सुमारें ३ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वींचे असून ते आजच्या कीटकांसारखेच दिसतात, असें शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें. इतका प्रचंड काळ लागला, त्या अर्थीं यांत कर्त्याचा हात नसावा, असें अनुमान कांहीं लोक काढितात, आणि त्यास भिऊन आमचे कांहीं धर्मबंधु तो काळच नाकारूं पाहतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष उतावळे आहेत. आढींतला आंबा एका रात्रींत पिकला नाहीं, म्हणून तो कोणी आढींत घातलाच नव्हता, असें ठरत नाहीं. असो.

मग उंबरापासून घ्यावयाचें तें काय? आम्ही जें घेतों तें थोडें आहे, पण पक्कें आहे. बाहेरून दिसत नाहीं, एवढ्यावरून आंत कांहीं चाललेलें नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. आणि आंत जें चाललें आहे त्याचा अर्थ बाहेरच्यानें नुसत्या सालीवरून सांगूं नये. पहिली गोष्ट नास्तिकांनीं ऐकण्याजोगी आहे. दुसरी आम्हां आस्तिकांनीं ऐकण्याजोगी आहे, आणि या लेखाचा रोख मुख्यतः तिच्याकडेच आहे. कारण सालीवरून अर्थ सांगण्याची खोड आम्हांस फार.

२०२० च्या मार्च महिन्यांत कोविडच्या सांथीमुळें देशांतील शाळा बंद झाल्या, आणि २०२१ च्या उन्हाळ्यांत तर अशी स्थिति आली कीं, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं लोक रात्रंदिवस धांवत होते. ज्या मुलांचे आईबाप त्या दोन वर्षांत गेले, त्यांच्या घरीं समाचारास गेलेल्या मंडळींच्या तोंडून काय काय निघत असे, तें आठवून पाहावें. "चांगलीं माणसें देवाला लवकर हवीं असतात." "देवानें यांत कांहीं तरी बरेंच योजिलें असेल." आणि हलक्या आवाजांत, पण मुलास ऐकूं जाईल असें, "काय पाप घडलें असेल, देव जाणे." बोलणारे दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. दुःखापुढें मनुष्य गोंधळतो, आणि गोंधळलेल्या मनुष्यास गप्प बसणें फार जड जातें. परंतु दहा वर्षांच्या मुलास, देवाला हवे होते म्हणून त्यानें तुझे वडील नेले, असें सांगितलें असतां त्याच्या मनांत देवाविषयीं कोणतें चित्र उभें राहील, याचा विचार बोलणारानें केलेला नसतो. त्या मुलासही वडील हवेच होते.

मोठमोठ्या माणसांनाही हा मोह आवरलेला नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला व हजारों माणसें प्राणांस मुकलीं. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें दिलेलें हें शासन होय, असें महात्मा गांधींनीं त्या वेळीं म्हटलें. अस्पृश्यतेच्या निवारणासाठीं गांधीजींइतकेच झटणाऱ्या रवींद्रनाथ ठाकुरांस हें मुळींच पटलें नाहीं, आणि त्यांनीं तसें उघडपणें लिहिलें. गांधीजींनींही तें आपल्या 'हरिजन' पत्रांत छापून त्यास उत्तर दिलें. अस्पृश्यता हें घोर पाप आहे, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. तरी या एका वादांत आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूस आहों. भूकंपानें अस्पृश्यता पाळणारांचीं घरें तेवढीं निवडून पाडलीं नव्हतीं. जे ती सोशीत होते त्यांचींही पाडलीं. आणि आमच्या प्रभूचा शब्दही याच बाजूस आहे. शिलोहांतील बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांपेक्षां अधिक पापी नव्हतीं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. जन्मांध मनुष्याविषयीं, पाप याचें कीं याच्या आईबापांचें, असें शिष्यांनीं विचारिलें, तेव्हां याचेंही नव्हे व त्यांचेंही नव्हे, असें उत्तर देऊन त्यानें त्या अंधळ्यास डोळे दिले. शिष्य कारण शोधीत उभे होते, आणि प्रभु थुंकीनें माती कालवीत होता.

हा जो मातीचा हात, तोच आमच्या दृष्टीनें भरंवशाचा खरा पुरावा. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. देवीचा कोप, पापाचें फळ, असे नाना तर्क त्याही वेळीं झाले. डॉक्टर हाफकिन यांनीं मात्र मुंबईंत बसून लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पुढच्याच वर्षीं, १८९८ सालीं, सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें, उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, असें कराचीस प्रयोग करून दाखविलें. तोंवर हें सत्य सर्वांच्या घरांत, पायांखालीं, धांवत होतें. आणि पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां स्वतः त्या रोगास बळी पडल्या. तो दिवस १० मार्च १८९७. ईश्वराचा कारभार अगम्य आहे म्हणून यांपैकीं कोणीही हात बांधून बसलें नाहीं. उंबर फोडूं नये, हा उपदेश यांनीं मानिला असता तर पिसू सांपडली नसती. देवावर विश्वास आहे म्हणून लस नको, असें म्हणणारे लोक कोविडच्या वेळींही आम्हीं पाहिले. त्यांस आमोसाच्या चाकूची गोष्ट सांगावी.

आतां सर्वांत कठीण भागाकडे येतों. पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांस थोडेंबहुत ठाऊक असेलच. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईनें तें रमेस शिकविलें. १८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां हें तीर्थयात्रा करीत फिरणारें कुटुंब उपासमारीनें गांठलें. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेलीं दोन भावंडें, रमा व श्रीनिवास, अनवाणी पायांनीं देशभर हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. १८८० सालीं भाऊही गेला. त्याच वर्षीं लग्न झालें, आणि १८८२ सालीं पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आंत इतकीं मरणें! पुढें १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हां याच बाई मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुली व विधवा शोधशोधून घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही आणिल्या. आणि केडगांवचें मुक्तिसदन शेंकडों जीवांनीं भरून गेलें.

हें चरित्र सांगतांना पुष्कळ व्याख्याते एक वाक्य हमखास उच्चारितात: रमाबाईंनीं पुढें शेंकडों मुली वांचवाव्या म्हणूनच देवानें त्यांस लहानपणीं दुष्काळ दाखविला. टाळ्या पडतात. आम्हीं मात्र हें वाक्य न उच्चारण्याचें ठरविलें आहे. भुकेनें मेलेली ती आई कोणाच्या चरित्रांतील एक पायरी नव्हती. ती लक्ष्मीबाई होती, आणि तिला स्वतःचा जीव होता. दुष्काळ कां पडला, हें आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या बाईस भूक म्हणजे काय हें ठाऊक होतें, ती भुकेल्यांच्या हांकेस धांवली, हें ठाऊक आहे. यांतील दुसऱ्या गोष्टीबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों. पहिलीचा उलगडा आम्ही त्याजपाशीं मागतों, आणि मागत राहूं. उलगडा मागणें म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्यावर विश्वास नाहीं त्याच्या दारांत कोणी उत्तरासाठीं बसत नाहीं.

भरंवसा योजनेवर ठेवितां येत नाहीं, कारण योजना दिसत नाहीं. तो ठेवावयाचा तो योजणारावर. रात्रीं आगगाडींत आईच्या मांडीवर निजलेल्या मुलास गाडी कोणत्या मार्गानें जाते हें ठाऊक नसतें. आई कशी आहे हें ठाऊक असतें. देव कसा आहे, हें आम्ही ख्रिस्ती लोक ज्याच्याकडे पाहून ओळखतों तो लाजाराच्या कबरेपाशीं रडला. लाजारास आतां आपण उठविणार, हें त्यास पक्कें माहीत होतें. ज्यास पुढची गोष्ट ठाऊक होती तोही रडला. मग ज्यांस ती ठाऊक नाहीं त्यांनीं कोरड्या डोळ्यांनीं अर्थ सांगत बसावें काय? अन्य धर्मांचे जे पालक आपलीं मुलें आमच्या शाळेंत विश्वासानें धाडितात, त्यांची या बाबतींतील श्रद्धा आमच्याहून निराळी असेल. पण समाचाराच्या बैठकींत आपण सर्व एकाच घोंगडीवर बसतों.

ईयोबाच्या पुस्तकांत त्याचे तीन मित्र लांबून त्याच्या समाचारास आले. त्याची दशा पाहून ते मोठ्यानें रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाहीं. त्या मित्रांच्या हातून घडलेलें चांगलें काम तेवढेंच. पुढें त्यांनीं तोंडें उघडलीं, आणि अध्यायांमागून अध्याय देवाच्या वतीनें कारणें सांगितलीं. शेवटीं देव स्वतः बोलला तो मेघ, पहांट, रानबोकड, शहामृग व ससाणा यांविषयीं बोलला. ईयोबाच्या दुःखाचें कारण त्यानें सांगितलें नाहीं. परंतु रागें भरला तो कारणें सांगणाऱ्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

आपल्या खेड्यांत अजूनही एक चाल आहे. ज्या घरीं मृत्यु झाला त्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारच्या घरांतून पिठलें-भाकरी झांकून येते. आणणारी बाई पाटी आंत ठेविते, पाण्याचा तांब्या भरून जवळ सरकविते, लहान मुलें उपाशीं असतील तर त्यांस भरविते, आणि बोलायचें झालेंच तर "दोन घांस खाऊन घ्या" एवढेंच बोलते. विद्यार्थ्यांस आम्ही हेंच सुचवूं. सुतक संपवून एखादा मुलगा पुन्हां वर्गांत येईल तेव्हां त्यास कांहीं समजावून सांगण्याच्या भरीस पडूं नये. बांकावर त्याच्याजवळ बसावें, आणि बुडालेल्या दिवसांचें गणित व भूगोल त्याच्या वहींत उतरवून द्यावा.